मागच्या पोर्शनमधला विषवाला

२ जुलै १९८६, बुधवार
तुळजाजीने गिंडीच्या फॅक्टरीत मिळालेली डायरी आणून दिली. म्हणाला, आई, अर्धं वर्ष सरलंय, पण पानं कोरी आहेत. मी तंजावरात तिसरीपर्यंत शिकले. त्यापुढे शिकवण्यासारखं मास्तरांकडे काही उरलं नसावं.
संकल्प: रोज लिहायचं. खरं तेच लिहायचं. सुनेबद्दल लिहायचं नाही.
धनलक्ष्मीने आज सांबार केलं की विहिरीचं पाणी, ते कळलं नाही.

३ जुलै
मागचा पोर्शन भाड्याने गेला. मला कुणी विचारलं नाही. माणूस सामान घेऊन हजरसुद्धा झाला. गुरुमूर्ती नाव. पन्नाशीचा, काडीसारखा, एकटा जीव. एक ट्रंक आणि एक पोतं. पोत्यात भांडी वाजत होती. काम काय करतो, तुळजाजीला विचारलं. "कॉन्ट्रॅक्ट" म्हणाला आणि चपला घालून पळाला. माझा मुलगा फॅक्टरीत इतक्या हौसेने कधी गेलेला नाही.

५ जुलै
नात कनका मला तमिळ पेपर वाचून दाखवते. मला येतं वाचता, पण एकेक अक्षर गोळा करावं लागतं. शहरात विषवाला फिरतोय. तीन घरांतले कर्ते पुरुष जेवताजेवता गेले. पोलिसांना संशय एकाच माणसाचा. पन्नाशीचा, सडपातळ, बोलायला गोड, पोर्शन घेऊन एकटा राहतो, शेजाऱ्यांना काहीबाही खायला देतो.
कनका मला आजी म्हणत नाही, तमिळ पोरांसारखी पाट्टी म्हणते. म्हणाली, पाट्टी, आपलं अर्धं मांबलम असंच आहे. म्हटलं, अर्धं मांबलम आपल्या मागच्या पोर्शनमध्ये राहत नाही.

६ जुलै, पहाटे पाच
गुरुमूर्ती मागच्या बोळाने बाहेर पडला. ओलं धोतर, हातात पिशवी, पिशवीतून विळीचं पातं बाहेर. पुढचं दार असताना मागून जातो. कुणाच्या समोर येत नाही. दुपारी तीनला परत आला, पुन्हा आंघोळ केली, झोपला.
सभ्य माणूस दिवसातून दोनदा डोक्यावरून आंघोळ करतो कशाला? मद्रासमध्ये, पाणीटंचाईच्या ह्या दिवसांत?
संकल्प: नजर ठेवायची.

८ जुलै
ह्यांचं श्राद्ध आलं. आषाढ वद्य पंचमी, म्हणजे २६ तारीख. बोटांवर मोजलं. सून म्हणाली, यंदा स्वयंपाकाला माणूस बोलवू या, तुमचा गुडघा बघा. म्हटलं, तेवीस वर्षं ह्यांच्या श्राद्धाचा स्वयंपाक ह्या दोन हातांनी केलाय, तिसरा हात माझ्या चुलीला लागला तर त्याच चुलीत उडी घेईन. कनका म्हणाली, पाट्टी, गॅसच्या शेगडीत उडी कशी घेणार? फार शिकलीय मुलगी.
गुडघा दुखत नाही. फक्त वाकत नाही.

११ जुलै
आला! ओट्यावर येऊन, मान खाली घालून, गोड बोलून गुरुमूर्तीने दोन लाडू दिले. तिळाचे. संक्रांत नाही, काही नाही, आषाढात तिळाचे लाडू कोण करतं? तोंडभर हसून घेतले. मागे जाऊन एक कावळ्याला घातला. त्याने खाल्ला. मेला नाही. म्हणजे सावकाश भिनणारं विष.

१२ जुलै
कावळा सकाळी साडेसहाला परत. खिडकीच्या गजावर चोच आपटतो. विष चढून वेडा झालाय. दुसरा लाडू घातला.

१४ जुलै
पुरावा मिळाला. मी डोकावणाऱ्यांतली नाही. तो विहिरीवर होता, त्याची खिडकी उघडी होती आणि माझा हात लांब आहे. एक वही. नावं, गल्ली, तारीख आणि शेवटी आकडा. सगळी नावं पुरुषांची, सगळे घरचे कर्ते, जवळपास राहणारे.
सुब्बा, चौथी गल्ली, १७ जुलै, बारा.
आणि खाली, देवा रे, तुळजाजी राव. आमचीच गल्ली. २५ जुलै. आठ.
आकडे कसले, त्यावर दुपारभर विचार केला. मग डोक्यात उजेड पडला. थेंब! सुब्बा रेड्यासारखा जाडा, त्याला बारा लागणारच. आमचा तुळजाजी काडी, त्याचं आठात भागतं.
एकुलता एक मुलगा. आज त्याला दोनदा तूप वाढलं. काही बोलले नाही. घाबरून वजन आणखी उतरायचं.

१६ जुलै
कोर्टात लागेल म्हणून गुरुमूर्तीचं चरित्र लिहून ठेवते. जन्म कुंभकोणमला, अंदाजे. लहानपणी शांत. शांत मुलं वाईट. आई लवकर गेली, बहुतेक त्यानेच. लग्न झालं असल्यास बायकोही. पुढचं चरित्र पेन सापडल्यावर. कनकाने नेलं.

१८ जुलै
आमच्याकडे भांडी घासणारी अलमेलू सुब्बाकडेही घासते. काल तिथे काय झालं, सहज विचारलं. म्हणाली, भटजी आले होते, धूर झाला, फोटोला हार घातला, सगळे गप्प बसून जेवले.
गेला सुब्बा. बारा थेंबांनी. बसमध्ये म्हाताऱ्यांना जागा देत नसे, पण माणूस तसा बरा होता.

२० जुलै
सून आडी महिन्याच्या सेलला टी. नगरला घेऊन गेली. परतताना बसमध्ये सुब्बा बसलेला. जागा दिली नाही.
वाचला म्हणायचा. पण चेहरा उतरलेला, पोटावर हात. विष पुरतं भिनलं नाही. म्हटलं, सुब्बा, जपून राहा. म्हणाला, हो पाट्टी, परवा अप्पांच्या दिवशी जरा जास्तच झालं. म्हणजे ज्या दिवशी बापाची आठवण काढायची त्याच दिवशी पोरावर डाव! गुरुमूर्तीची ही पद्धतच दिसते. चरित्रात घालायचं.

२१ जुलै
पोलीस स्टेशनला गेले. व्यंकट नावाचा कॉन्स्टेबल, मिसरूड नुकतं फुटलेलं. पुरावा काय, म्हणाला. म्हटलं, दोन लाडू. कुठे आहेत? कावळ्याने खाल्ले. कावळा मेला का? नाही, जाडा झालाय. म्हणाला, पाट्टी, कुणी मेलं की या. ह्यांना पगार मिळतो!
सुब्बा जिवंत राहिल्याने केस कमजोर झाली. लोकांना काही म्हणून नीट करता येत नाही.

२३ जुलै
तुळजाजीला एकटं गाठलं. म्हटलं, पंचवीस तारखेचं मला सगळं माहीत आहे. पांढरा पडला. म्हणाला, आई, तुला कळलं? मी सांगणारच होतो, पण धीर होईना. धनलक्ष्मी म्हणाली, तू ऐकणार नाहीस. म्हटलं, तू काही काळजी करू नकोस, मी आहे. म्हणाला, म्हणजे तू रागावली नाहीस? म्हटलं, राग कसला, माझी तयारी झालीय. पोराने पायाच धरले. डोळ्यांत पाणी. जिवाची भीती कुणाला नसते?
म्हणजे सुनेलाही माहीत आहे आणि ती गप्प आहे. हे डायरीत लिहिलं नाही असं समजायचं.

२४ जुलै
सुनेने कच्ची केळी, कारली, आलं, सगळं आजच आणलं. श्राद्ध परवा. दोन दिवसांत कारल्यांची काय अवस्था होईल? विचारलं तर माझ्याकडे बघतच राहिली.
उद्याचा बेत: तुळजाजीने माझ्या हातचंच खायचं. त्याच्या चपला लपवल्या. जात्याची खुंटी उशाशी घेतली. गुडघ्याला तेल चोळलं, पळावं लागलं तर.

२५ जुलै, शुक्रवार, सकाळी सहा
पकडला! आधी हे लिहिते, मग बाकीचं.
साडेपाचला जाग आली. तुळजाजी अनवाणीच कुठेतरी गेलेला. सून गल्लीच्या तोंडाशी हातपंपावर. आणि माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या चुलीपाशी, ओल्या धोतरात गुरुमूर्ती! एका हातात विळी, दुसऱ्यात पळी. पाठमोरा. मी श्वाससुद्धा घेतला नाही. दार ओढलं, कडी घातली, कुलूप लावलं, किल्ली कमरेला. स्टूल टाकून दाराला पाठ लावून बसलेय. खुंटी मांडीवर. कनकाला पोलिसांकडे पिटाळलं.

साडेसहा
सून आली. किंचाळली. म्हणाली, आई, अहो तो स्वयंपाकी आहे! श्राद्धाचा स्वयंपाक करतो, मांबलमभर त्यालाच बोलावतात! आज मामंजींचं श्राद्ध आहे! म्हटलं, श्राद्ध उद्या. म्हणाली, यंदा चतुर्थीचा क्षय आहे, पंचमी आजच. म्हटलं, खुनी काय सांगेल ते तू ऐकशील? तुला कुणी पढवलंय हे? किल्ली मागत होती. खुंटी दाखवली.
आतून आवाज येतायत. कापण्याचे.

आठ
आतून वास येतोय. मिरी, तूप, उडदाचे वडे. ह्या विषाचा वास चांगला आहे.

सव्वानऊ
तुळजाजी अनवाणी परत आला. बरोबर भटजी. भटजींनी पंचांग उघडून समोर धरलं. चौथ नाहीच. तिजेवरून सरळ पंचमी.
तेवीस वर्षांत पहिल्यांदा मी पंचांग बघितलं नव्हतं. वेळ कुठे होता? एका माणसाचा जीव वाचवत होते.

दुपारी चार
राहिलेलं लिहिते.
तेवढ्यात कॉन्स्टेबल व्यंकट आला. मी कुलूप उघडलं. आत सगळं तयार. खीर, वडे, कच्च्या केळ्याची भाजी, कारली, मिरीचं सार. चूल पुसलेली. गुरुमूर्ती बाजूला हात जोडून उभा. व्यंकटनेच त्याला नमस्कार केला. म्हणाला, सामी, आमच्या आईचं नऊ तारखेला आहे, विसरू नका. पोलीस!
गुरुमूर्तीला कळलंच नव्हतं की कोंडलाय. म्हणाला, तीस वर्षं घरोघर जातो, पण सोवळ्यासाठी दाराला कुलूप लावून बाहेर पहारा देणारं असं घर पाहिलं नाही. पूर्वीची माणसं, म्हणाला. आणि मला वाकून नमस्कार केला.
मी आशीर्वाद दिला. दुसरं काय करणार? खुंटी पाठीमागे धरली होती.
मागच्या दाराने जाणं, मान खाली, कॉन्ट्रॅक्ट, सगळं उलगडलं. वहीतले आकडे म्हणजे श्राद्धाला जेवणारी पानं. श्राद्धाच्या स्वयंपाक्याचं तोंड सकाळी बघितलं की लोक अपशकुन मानतात, म्हणून तो बोळाने जातो. घरमालकीण जागा देणार नाही, म्हणून तुळजाजी मला बोलला नाही. दिली नसतीच.
पिंड ठेवला. दरवर्षी कावळ्याला तासतास हाका माराव्या लागतात. यंदा हाक मारायच्या आधीच येऊन बसला. भटजी म्हणाले, आत्मा तृप्त आहे, स्वयंपाक आवडला. सगळ्यांनी गुरुमूर्तीकडे बघितलं. तो कावळा कुठला, आणि त्याला सवय कुणी लावली, ते मला माहीत आहे.
कारल्यात मीठ कमी होतं. खात्री करायला दोनदा वाढून घेतलं. मिरीचं सार ह्यांना असंच लागायचं. माझ्या हातचं चांगलं झालंय असं मात्र कधी म्हणाले नाहीत.
पाट मांडताना लक्षात आलं, खाली बसले तर मी उठू शकणार नाही. सुनेने न बोलता खुर्ची आणली. मीही न बोलता बसले.

२७ जुलै, रविवार
कनकाने पेपर वाचला. विषवाला सेलमला सापडला. तिशीचा, एकशे दहा किलो, मिशीवाला. आधीचं वर्णन चुकीचं होतं म्हणे. म्हटलं, मी पहिल्यापासून सांगतेय, सडपातळ माणूस असं करणार नाही. कनका हसत सुटली. हसण्यासारखं काय होतं?

२८ जुलै
गुरुमूर्ती ओट्यावर आला, लाडू घेऊन. एक मी खाल्ला, एक कावळ्याने. वही काढायला लावली. म्हटलं, पुढच्या वर्षीचं ह्यांचं लिहून घे, पंचांग बघून. त्याखाली एक ओळ रिकामी सोड आणि माझं नाव लिही. सकवारबाई. तारीख मी कळवीन. म्हणाला, पाट्टी, वहीत गेलेल्याचं नाव नसतं, करणाऱ्याचं असतं. म्हणजे तिथेही तुळजाजीच.
बरं, म्हटलं. मग निदान आकडा तरी मोठा घाल. पानं वीस. सगळ्या गल्लीला जेवू दे.
गुरुमूर्तीने डोकं खाजवलं. मग फार गोड आवाजात म्हणाला, पाट्टी, आईच्या श्राद्धाला हल्ली आठच पानं सांगतात.