मळमळ थांबल्यावर

प्रिय मावुली,

आज सकाळी परसात वाकून मी घशात दोन बोटं घालत होते. आक्पेने नावाची आपली शेजारीण कुंपणावरून ओरडली, "काय गं एसिनाम, स्वतःचंच कालवण बाधलं का?" तुझी आई हसली. मीही हसले.

खरी मळमळ मंगळवारीच थांबली. त्याआधी महिनाभर मासळीच्या धुराने अंगणात उभं राहवत नव्हतं. छाती दुखायची, बसल्या जागी झोप यायची. तुझ्या आईने काही विचारलं नाही. तिने बाजारातून डोहाळ्यांत चघळायचे पांढऱ्या मातीचे गोळे आणले आणि माझ्या उशाशी ठेवले. पोट दिसेपर्यंत आपल्यात कोणी या गोष्टीचा उच्चार करत नाही, म्हणून फोनवर मी तुलाही सांगितलं नाही. तू आबिजानच्या बंदरातल्या तुझ्या कामाबद्दल बोलत राहिलास. माझा एक हात पोटावर होता.

मंगळवारी अंगावरून रक्त गेलं. चिंध्या मी रात्री खाडीकाठी पुरल्या. आहे असं कुणी म्हटलंच नव्हतं. मग गेलं, हे कुणाला सांगू? तेव्हापासून रोज सकाळी मी ओकायला बसते. तो आवाज ऐकून तुझी आई चुलीपाशी गुणगुणते. तिचं गुणगुणणं बंद करण्याचा धीर मला होत नाही.

हे पत्र तुला पाठवणार नाही.

तुझीच,
एसिनाम

ता. क. हे लिहिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसाकडे निघाले, तेव्हा तुझ्या आईने माझं मनगट धरलं. "पुरे आता, पोरी," ती म्हणाली. "खाडीकाठची उकरलेली माती मी पाहिली. बाळ गेलं ना?" मग आम्ही दोघी दवाखान्यात गेलो.