रेवतीने खंडन केले नाही

देवास, बुधवार, सायंकाळ

रेवतीने परदेशी जाणे योग्यच आहे, एवढेच आज सिद्ध करायचे आहे. खरे तर ते मघाशी गच्चीवर सिद्ध झालेही.

माझ्या भावाची ही मुलगी सॉफ्टवेअरचे काम करते. बाल्टिक समुद्राकाठच्या एका चिमुकल्या देशातून तिला बोलावणे आले आहे, कारण तिथले अभियंते मोठ्या देशांत निघून गेले. मी म्हटले, रिकामी झालेली जागा दुरून माणसे ओढून घेतेच. आपले पूर्वजही संस्थानाच्या नोकरीसाठी असेच महाराष्ट्रातून इकडे आले.

समोर देवीच्या डोंगरावरचे, टेकरीवरचे, दिवे लागत होते. धुक्यात टेकरी दिसेना, नुसते दिवे तरंगत होते.

तर्कशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले, परंतु घरात माझा एकही सिद्धांत रेवतीने सुखासुखी उभा राहू दिला नाही. अनुमानाच्या आधाराला आम्ही हेतू म्हणतो; शाळेत होती तेव्हापासून ऐकते आहे, "आत्या, तुझा हेतूच लंगडा आहे."

आज ती बराच वेळ त्या दिव्यांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "पटलं. जाते मी. कल ही हाँ बोल देती हूँ उनको."

"आक्षेप नाही?"

"नाही गं. आज तू जिंकलीस."

जिंकले? दिवे अजून तसेच तरंगत आहेत. त्या समुद्राकाठीही संध्याकाळी असेच काही दिसत असेल, आणि ती एकटीच ते...

चूक एकच झाली, ती नोंदवते. रेवतीने खोडून काढावा म्हणूनच मी तो युक्तिवाद मांडला होता, आणि मांडताना तो निर्दोष रचला.

— सुमती