दवाखान्याआधीची आंघोळ

माय, बाबांच्या त्या आंघोळीबद्दल तुझ्याशी बोलायचं आहे. तू होतीस तोवर हा विषय तूच काढायचीस, दर वर्षी पोळा झाला की, भाकरी थापता थापता. "आधी दवाखान्यात न्याले पायजे होतं," एवढंच म्हणायचीस आणि मी तिथून उठून जायचे. मला उत्तर ठाऊक नव्हतं म्हणून मी चिडायचे, आणि तुला वाटायचं की पोरीचा अजून आपल्यावर राग आहे. राग नव्हता गं. भीती होती. तू खरंच विचारशील, "माह्यामुळं गेले का ते?" आणि मला हो की नाही म्हणावं लागेल, याची. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, मी शिकवून शिकवून निवृत्त झाले, माझी भाषाही मास्तरणीची झाली, पण त्या प्रश्नाची भीती काही गेली नाही. शेवटी गेल्या महिन्यात यवतमाळहून बस धरली आणि उमरखेडला जाऊन बाईंनाच विचारलं.

बाई म्हणजे आपल्या डॉक्टरीणबाई. त्या नवराबायकोचा दवाखाना तू विसरली नसशील. एका खोलीत डॉक्टर, दुसरीत बाई, आणि मधल्या बाकांवर अख्खा तालुका. डॉक्टरांची रांग रस्त्यापर्यंत जायची, कारण ते विचारायचे कमी आणि सुई लवकर द्यायचे. बाईंकडे गेलं की पंचनामा. काय खाल्लं, पाणी कुठलं पिता, घरात अजून कोणाला आहे का. "लय इचारते बापा थे बाई," तू म्हणायचीस, "सोयरीक जुळवाची हाये का तिले?" पण ताप हटला नाही की मुकाट्यानं मला त्यांच्याकडेच न्यायचीस. एकदा मला खरूज झाली होती. बाईंनी माझा हात उलटा करून पाहिला आणि भरल्या बाकांसमोर तुला म्हणाल्या, "पोरीला आंघोळ घालून आणत जा हो. या मळाखाली मला काय दिसणार?" वाईट मनानं म्हणाल्या नसतील, पण बाकावरची एक बाई हसली. त्यानंतर आपल्या घरातलं कोणी पारोसं त्या दवाखान्याची पायरी चढलं नाही. मी तर तापानं फणफणत असताना वेणी घालून, पावडर लावून गेले आहे. आजही डॉक्टरकडे जायचं म्हटलं की मी आधी इस्त्रीची साडी शोधते.

त्या साली पोळ्याच्या सुमारास कापसावर अळी पडली होती. लोक चार दिवसांआड फवारायचे, दुकानदार सांगेल ते दोन-तीन प्रकारचं विष एकत्र करून फवारायचे, आणि पंप अडला की वावरातून थेट पाठीवर घेऊन एसटी स्टँडजवळच्या बाबांच्या पंपदुरुस्तीच्या दुकानात यायचे. पंपात विषाचं अर्धं पाणी तसंच असायचं. बाबा पुढची तोटी काढायचे, ओठांना लावायचे आणि जोरात फुंकायचे. अडकलेला कण उडाला की थुंकायचे आणि वरून चहा प्यायचे. मी डबा घेऊन जायचे तेव्हा रोज हेच पाहायचे. मला त्यात काही वावगं दिसलं नाही, तुला दिसलं नाही, पंपवाल्यांनाही नाही. तेही वावरात तसंच फुंकायचे. आता ते चित्र डोळ्यांसमोर आलं की हाक मारावीशी वाटते की बाबा, तोंडाला लावू नका.

त्या दिवशी दुपारी दुकानाशेजारचे वेल्डिंगवाले चाचा त्यांना हाताला धरून घरी घेऊन आले. "भाभी, इनको चक्कर आ गया. धूप लग गई लगता. दवाखाने ले जाओ," म्हणाले आणि ऑटो बघायला गेले. बाबा ओट्यावर बसले आहेत. घामानं निथळत आहेत, तोंडातून लाळ गळते आहे, आणि सदरा पंपातल्या पाण्यानं छातीपासून पोटापर्यंत भिजलेला. "मले नीट दिसून नाई राह्यलं," ते म्हणतात. तू आंघोळीच्या पाण्यासाठी चूल पेटवायला घेतेस. कापसाच्या पऱ्हाट्या सादळलेल्या, नुसता धूर. मी रडकुंडीला येऊन म्हणते, "माय, चाल ना, असंच नेऊ." तू वळून माझ्याकडे पाहतेस. "असं? हे असे कपडे घालून? बाई काय म्हणन?" ऑटो दारात येऊन थांबतो आणि तू चाचांना हातानं थांब म्हणतेस. धुण्याच्या दगडावर बसवून तू त्यांना डोक्यावरून न्हाऊ घातलंस. कपडे धुवायचा साबण लावलास, परत लावलास, कानामागे, नखांत, केसांत. त्यांच्या दंडाची कातडी आपोआप उडत होती, आत काही वळवळावं तशी. ते मी पाहिलं. तूही पाहिलंस, मला माहीत आहे, कारण तुझा हात तिथं थांबला होता. मग पेटीतला पांढरा सदरा काढलास, बटणं लावलीस, केस विंचरून दिलेस. किती वेळ गेला ते मी कधी मोजलं नाही. तू मात्र आयुष्यभर मोजत राहिलीस.

दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांच्या गजांना सलाईनच्या बाटल्या टांगलेल्या. कंपाउंडरनं एकवार पाहिलं. न्हालेला, भांग पाडलेला, पांढऱ्या सदऱ्यातला माणूस. "बसा, नंबरानं बोलावतो," म्हणाला. आणि तू बसलीस. तू कधी कोणाच्या पुढे घुसली नाहीस, त्या दिवशी तरी कशी घुसणार? बाई कशाला तरी बाहेर आल्या आणि बाबांसमोर थबकल्या. त्यांची पापणी वर केली, नाडी धरली.

"फवारणी केली का?"

"नाई जी, आमाले वावरच नाई."

"मग काम काय करतात?"

"पंप दुरुस्त करते."

"तोटी तोंडानं फुंकतात?"

तू हो म्हणून मान हलवलीस. बाईंचा चेहरा उतरला. तोवर मला वाटायचं की डॉक्टरांना भीती वाटतच नाही. त्यानंतर त्यांनी काही विचारलं नाही. सुया दिल्या, मेडिकलमध्ये विषावरची होती नव्हती तेवढी सगळी औषधं मागवली, आणि आपली खोली बंद करून, बाहेर बसलेली माणसं नवऱ्यावर सोडून, आपल्यासोबत जीपमध्ये बसल्या. यवतमाळपर्यंत बाबांचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. गाडी खड्ड्यात आदळायची आणि त्या एका हातानं त्यांचा जबडा धरून दुसऱ्या हातानं सुई भरायच्या. मी पुढच्या सीटवरून मागे वळून पाहत होते आणि मनात एकच चाललं होतं की बाईंनी हताश होऊन मान खाली घालू नये. मोठ्या दवाखान्यात खाटेसाठी त्या भांडल्या. खाट मिळाली. दोन दिवस आपल्याला वाटलं की जिंकलो, बाबांनी तुझ्याकडे पाणीही मागितलं. मग श्वास घ्यायची ताकदच संपली त्यांची. तू व्हरांड्यात भिंतीला टेकून म्हणालीस, "आंघोळ नसती घातली तं?"

दवाखाना आता बंद आहे. डॉक्टर गेले. बाई मागच्या घरात एकट्या असतात, कामाला एक बाई येते. "पंपवाल्यांची मुलगी ना?" म्हणून त्यांनी लगेच ओळखलं. मी चहा होईपर्यंत धीर धरला आणि मग विचारून टाकलं. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "साबणानं धुतलं ते बरोबरच केलं. आम्हीही आधी तेच करतो, कपडे काढायचे, अंग धुवायचं. नाहीतर कातडीतून विष आत जात राहतं." माय, मला वाटलं उठावं आणि धावत येऊन तुला सांगावं. पण त्या थांबल्या नाहीत. खोटं बोलायची सवयच नाही त्यांना. "वेळही गेला पण. त्यानं किती फरक पडला, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं, आजही येत नाही."

मी उठायला लागले तर म्हणाल्या, "थांबा. मलाही एक विचारायचंय." त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. "तुमच्या आईला मी एकदा बोलले होते, आंघोळ घालून आणा म्हणून. सगळ्यांसमोर. त्यामुळं तर नाही ना?" इतकी म्हातारी झालेली बाई, आणि माझ्या तोंडाकडे अशी पाहत होती की जणू निकाल माझ्या हातात आहे. मला कळलं की त्याही तुझ्यासारख्याच दर पोळ्याला मोजत बसत असणार.

"छे हो बाई," मी म्हणाले. "आमच्या आईला स्वच्छतेचं वेडच होतं. कोणी सांगितलं नसतं तरी तिनं घातलीच असती."

"हो का," त्या म्हणाल्या, आणि खुर्चीवरची त्यांची पकड सुटली. मला दारापर्यंत सोडायला आल्या.

खरं काय ते त्यांना लिहून पाठवावं असं बसमध्ये वाटलं, घरी येऊनही वाटलं. नाही पाठवणार. आपल्यासाठी ज्या दवाखाना सोडून जीपमध्ये बसल्या, त्यांना आता या वयात मी कशी घाबरवू? तू असतीस तर म्हणाली असतीस, बरं केलं पोरी. असं मी स्वतःला सांगते आहे, पण खात्री नाही, कारण सगळं तुझ्यावर टाकताना तुला कोणी विचारलंच नाही. बाईंना मी मोकळं केलं, माय, आणि तुला तिथंच ठेवून आले.