टबाच्या काठावरचं मीठ

१७ एप्रिल
सकाळी अंघोळ, पूजा झाली. मग चहाच्या जुन्या गाळणीनं टबातली माशांची मेलेली पिल्लं काढली. सगळीच. कण्यांएवढी, पांढरी पडलेली. मागं कर्दळीच्या बुडाशी खड्डा करून पुरली. आपल्यात माणसालाही पुरतात, म्हणून हात तिकडं वळला असेल. हात धुऊन अण्णांचा चहा घेऊन गेलो.
"कशी हायत?"
"हायत," म्हणालो.
नऊ दिवसांची होती. 'हायत', एवढा एकच खोटा शब्द. पण बोललो.

१८ एप्रिल
आज तरी सांगायचं ठरवलं होतं. जमलं नाही.
अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. उभा जन्म मुंबईत रंगीत माशांच्या दुकानात गेला, लग्न केलं नाही. माघात डावं अंग गेलं तेव्हा इथं गावी, मुरुमला घेऊन आलो. टेम्पोत एक ट्रंक, काचेची टाकी, खाऱ्या पाण्याचे दोन ड्रम आणि हे दोन मासे. नारंगी, अंगावर पांढरे पट्टे. अण्णा त्यांना जोकर म्हणतात. मादी थोराड, नर तिच्या निम्मा. खाट अशी लावलीय की उजव्या कुशीवर झोपलं की टाकी समोर.
तेव्हा बायको, महानंदा म्हणाली होती, "शेजारीण विचारती, लिंगायताच्या घरात मासं, कापणार कधी?" अण्णा हसले होते. इथं आल्यावर पहिल्यांदा.
मार्चच्या शेवटी जोकरांनी टाकीतल्या कौलावर अंडी घातली. अण्णा म्हणाले, "विकली लई, बसू. जगवली एक न्हाय. तू बघ की."
म्हणून बघितलं.

२० एप्रिल
टब न्हाणीशेजारच्या खोलीत तसाच आहे. वर फडकं. अण्णांना तिथवर येता येत नाही, हेच माझं झाकण.
आज फडकं काढलं. पाणी चार बोटं खाली गेलेलं आणि काठाला पांढरी कड. बोटावर घेऊन चाटून बघितली. मीठ.
तिथंच खाली बसलो.
ओढ्याकाठच्या तुकड्यावर हीच कड धरते. बोअरचं पाणी द्यायचं, ऊन पाणी नेतं, क्षार मागं राहतो. आता तिथं गवतही नीट येत नाही. तीस वर्षं ती जमीन तुडवतोय.
उन्हाळ्यानं टबातलं पाणी रोज कमी व्हायचं आणि मी रोज तेवढंच खारं पाणी वर घालायचो. टाकीत महानंदा जारचं गोडं पाणी घालते, हे रोज बघत होतो. वाटलं, मोठ्यांचं वेगळं. समुद्रातल्या कोवळ्या जिवाला गोडं पाणी सोसणार नाही.
अण्णांनी बजावलं होतं, "रोज नळी बुडीव, मीठ बघ." खारटपणा मापायची ती काचेची नळी पहिल्या दिवशी बुडवली. पुढं वाटलं, मापूनच घातलंय, परत काय मापायचं.
आज बुडवली. खुणेच्या कितीतरी वर तरंगली.
म्हणजे रोग नव्हता. मीच.

२२ एप्रिल
अण्णा : "चौदा दिस झाले. पट्टे आले का?"
मी : "एकाला आल्यागत वाटतंय."
अर्ध्या तोंडानं हसले. उजवा हात वर करून बोटानं हवेत दोन रेघा ओढल्या. कसा येतो ते दाखवत होते. आधी डोक्यामागं, मग मधी.
दीड भाकरी खाल्ली. मागून आमटी घेतली.

२३ एप्रिल
डॉक्टर येऊन गेले. डावा हात आधीपेक्षा चांगला उचलतोय म्हणाले. बाहेर आल्यावर मला, "मन असंच राहू द्या त्यांचं." महानंदा माझ्याकडं बघत होती. मी चपला शोधत राहिलो.

२५ एप्रिल
अण्णांनी दुकानातल्या जुन्या सोबत्याला फोन लावायला सांगितला. कानाला मीच धरला.
"अरे, आमच्या बसूनं पिल्लं काढली! व्हय, मुरुमात! समुद्र कुठं हाय इथं, हाय का?" शब्द जड, पण आवाज मोठा. डोळ्यांतून पाणी. टॉवेलनं पुसलं, माझ्या हातानं.
नंतर महानंदा चुलीपाशी हळूच, "का वो, मागवा की तिकडनं चार बारकी पिल्लं. पिशवीत घालून देत्यात. त्येंना काय कळतंय?"
"कळतंय."
"मग सांगा तरी. दोन्हीतलं एक करा. माझ्यानं न्हाय होत त्येंच्यापुढं हसणं."
दुपारी त्या सोबत्याचा नंबर काढला. बराच वेळ बघितला. ठेवून दिला. पाप वाटलं म्हणून ठेवला का पकडले जाऊ म्हणून, ते अजून कळत नाही.

२७ एप्रिल
पूजेत लिंग तळहातावर घेतलं. नजर ठरत नाही. आठ दिवस असंच. त्याच तळहाताकडं बघायचं, ज्यानं खाऱ्या पाण्याचा तांब्या ओतला. भस्म लावून उठलो. पूजा झाली असं म्हणवत नाही.

२८ एप्रिल
कौलावर पुन्हा अंडी. अण्णांनीच आधी बघितली, सकाळी हाका मारल्या. नारंगी ठिपक्यांचा गालिचा. नर परांनी वारा घालतोय.
अण्णा : "आता शिकवायचं काय राहिलं न्हाय. मागल्यासारखंच कर. अगदी तसंच कर, बदलू नगं काय. तुझा हात चांगला हाय."
मी टाकीची काच पुसत राहिलो. पुसायला काही नव्हतं.

३० एप्रिल
आता गप्प बसण्याचाही उपयोग नाही. सातव्या दिवशी कौल टबात न्यायचं. या खेपेला गोडं पाणी घातलं आणि जगली, तरी ती कधीची म्हणून दाखवू? महिन्याची आणि आठ दिवसांची पिल्लं अण्णा एका नजरेत ओळखतील. आणि मेली तर परत 'हायत'?
महानंदाला म्हणालो, "सांगतो."
"कवा?"

१ मे
नाही सांगितलं. अण्णा गुडघ्याला मालिश करून घेत होते, मधेच म्हणाले, "पुढल्या आठवड्यात मला खुर्चीत घालून तिकडं ने. बघू दे मला."

३ मे
अंड्यांचा सहावा दिवस. आत डोळे दिसायला लागलेत, चंदेरी.
पूजा केली. अण्णांना म्हणालो, "चला." महानंदानं खुर्ची धरली, मी काखेत हात घालून उचललं. हलके झालेत. केस विंचरून दे, असं स्वतःच म्हणाले, विंचरले. न्हाणीशेजारच्या खोलीत नेलं. मी फडकं काढलं.
बराच वेळ आत बघत होते. वाकायचा प्रयत्न केला, मी धरलं.
"कुठं हायत?"
"न्हाईत, अण्णा."
"कवापासनं?"
"सतरा तारखेपासनं. एक बी न्हाय राहिलं. मी वरनं खारं पाणी घालत होतो. नळी बुडवली न्हाय."
उजवा हात उचलून काठाच्या मिठावरून बोट फिरवलं. मग बोटांवर काहीतरी मोजलं. सतरापासून आजवरचे दिवस असतील, का मी किती वेळा 'हायत' म्हणालो ते.
"आन पट्टे?"
मी नकारार्थी मान हलवली. महानंदा पदर तोंडाला लावून बाहेर गेली.
खाटेवर आणून निजवलं. सवयीनं उजव्या कुशीवर, टाकीकडं तोंड करून. पाय सरळ केले, पांघरूण घातलं.
म्हणाले, "मला भिंतीकडं कर."
त्यांना स्वतःला वळता येत नाही. एक हात खांद्याखाली घातला, एक कमरेखाली. मी त्यांना भिंतीकडं वळवलं.