दिव्याला शिकवलेले डोळे

३ नोव्हेंबर, सोमवार
हौसा, तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावून घेतेस ना, की सुनेला त्रास नको म्हणून तशीच लंगडत फिरतेस? निकेशची पाठ काय म्हणते? त्याला सांग, मूर्ती उचलताना कंबरेतून वाकू नको. नूतनचं पित्त, किमयाचा खोकला? पोरीला थंड काही देऊ नका. मी अगदी मजेत आहे. इथं फोन गेटवरच काढून घेतात, फक्त रविवारी बोलायला देतात. म्हणून रोजचं बोलणं या वहीत. घरी आलो की तूच वाचून घे.

पेणहून निघून रोह्याला उतरलो, तिथून जीपनं कोलाडच्या अंगाला एका जुन्या खडीच्या खाणीत. मधे उघडा माळ, एका टोकाला गेट, दुसऱ्या टोकाला आमची पत्र्याची खोली. वर टेकाडावर ते यंत्र. शत्रूचं ड्रोन नुसत्या प्रकाशानं जाळून पाडायचं, असं काम. लेझर म्हणतात. आवाज नाही, उजेडही दिसत नाही. अंबरीशसाहेब आपल्या निकेशच्या वयाचा, पण मला खुर्ची दिल्याशिवाय बसत नाही. त्यानं समजावलं, यंत्र आधी कॅमेऱ्यातून बघतं, मग ठरवतं, मग मारतं. कशाला मारायचं ते मात्र त्याला शिकवावं लागतं, पोराला अक्षरं गिरवायला लावतात तसं. त्यासाठी माझ्यासारख्या मूर्तिकाराच्या हातची फायबरची खोटी ड्रोन हवीत.

आचारी पुंडलिक आपल्याच खारेपाटातला. यंत्राला तो दिवा म्हणतो. ‘उजेड नाय त्याला दिवा नायतर काय म्हनायचं, म्हातारबा?’ जेवण झकास. तांदळाची भाकरी, सुकट.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
साचा जमला. पहिलं ड्रोन रंगवून ठेवलं आणि चैन पडेना. आपल्या कारखान्यात डोळे आखून उघडल्याशिवाय कुठलीच मूर्ती हातावेगळी होत नाही, तुला माहीत आहे. शेवटी त्याच्या पोटाखाली दोन डोळे आखले. आपल्या गणपतीचे, लांबट, कडेला जरा ओढलेले. साहेब हसला. म्हणाला, खुशाल काढा काका, यंत्राला काय फरक पडतोय. मग सगळ्यांनाच काढले.

पुंडलिक म्हणतो, ‘शत्रूच्या इमानाला गनपतीचं डोळं? आता बॉम नाय, मोदक टाकील.’

१३ नोव्हेंबर, गुरुवार
शिकवणी जोरात. लेझरनं डोळे जाऊ नयेत म्हणून सगळ्यांना हिरवे चष्मे दिलेत. ते घातले की लाल रंग काळा दिसतो. माझी ड्रोन खाणीवर ताणलेल्या तारेवरून सरकवतात. दिवा मान वळवतो, काही वाजत नाही, आणि ड्रोन धूर सोडत खाली येतं. दिवा लवकर शिकला म्हणून साहेबानं पेढे वाटले. पडलेलं एक उचलून पाहिलं. सगळं धड होतं, फक्त डोळ्यांच्या जागी दोन भोकं.

१६ नोव्हेंबर, रविवार
फोनवर तुमचा आवाज ऐकून बरं वाटलं. किमयाला आजोबांचा दिवा बघायचाय म्हणे. साहेबानं परवानगी दिली आहे. तीस तारखेच्या रविवारी घेऊन या. गेटवरून समोरच दिसतो.

२२ नोव्हेंबर, शनिवार
आज विकतची खरी ड्रोन उडवली. दिव्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. साहेब डोकं धरून बसला. दुपारी कुंडलिका नदीवरून एक बगळा आला, आणि दिवा वळला. पुंडलिकानं पाखरू उचलून आणलं. पांढरं शुभ्र, पिसालाही डाग नाही. डोळे तेवढे नव्हते. तो भात न जेवताच उठला.

२४ नोव्हेंबर, सोमवार
साहेबानं मला कॉम्प्युटरपाशी बसवलं. दिवा नेमकं काय बघतो ते त्यात रंगानं कळतं. अख्खं ड्रोन निळं, आणि मी आखलेले दोन डोळे लालभडक. तो ड्रोन ओळखायला शिकलाच नाही, हौसा. डोळे ओळखायला शिकला. साहेब रागावला नाही. म्हणाला, चूक माझी, काका, मी हसलो तिथंच थांबवायला हवं होतं.

उरलेल्या सगळ्यांचे डोळे थिनरनं पुसले. साहेबानं दिव्याची विजेची केबल काढून खोलीत आणून ठेवली. आता पहिल्यापासून शिकवणार.

२६ नोव्हेंबर, बुधवार
केबल आमच्या खोलीतच पडली आहे. तरी दिवा वळतो. तारेवर डोळे दिसेनासे झाले, तसा तो खाली बघायला लागलाय. कुंपणापलीकडच्या बकऱ्या एकमेकींवर धडकत फिरतायत. साहेब म्हणतो, बॅटरी उरली असेल. म्हणताना माझ्याकडे बघत नव्हता.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
भर दुपारी साहेबानं घाम पुसायला चष्मा काढला. नुसता पुसण्यापुरता. मग खाली बसला आणि शांतपणे विचारलं, काका, ढग आला का?

गेटवरच्या माणसानं त्याला जीपमधून नेलं. जाताना ओरडून सांगितलं, हैदराबादहून यंत्र बनवणारी माणसं येईपर्यंत माळावर पाऊल टाकू नका. गेटवर आता कुणी नाही. फोन तिथंच कपाटात. आणि रविवारी तुम्ही येणार. किमया गेटशी उभी राहणार, आणि वर बघणार.

२८ नोव्हेंबर
चष्मा घालून निघालो. तुम्हाला फोन करायचाच होता. अर्ध्या माळावर प्लास्टिक जळल्याचा वास आला. डावी काच वितळून— रांगत परत आलो. डावा डोळा गेला. दुखत नाही, तेच वाईट. पुंडलिक पाणी लावतोय, सारखा म्हणतोय, ‘पोर येनार हाय, म्हातारबा, कायतरी करू.’

२९ नोव्हेंबर
पुंडलिक डोळ्यांवर फडकं बांधून गेला. कुंपणाची तार धरून गेटपर्यंत जायचं, मग फोन, असं ठरलं होतं. ऐकत बसलो. लांबून त्याची हाक आली, ‘कुंपन तुटलंय हो, आता कुठं?’ मी ओरडलो, सरळ जा. पुन्हा आवाज नाही.

पत्र्याच्या फटीतून उरल्या डोळ्यानं त्याला शोधत होतो. टेकाडावरून दिव्यानं मला—

रविवार
चाचपडत लिहितोय. ओळीवर ओळ चढली असेल. हौसा, निघू नका. पुंडलिकानं फोन केला असेल ना? केला असेल. निघालाच असाल तर रोह्यालाच— पोरीचे डोळे बांध. पदरानं बांध—

माझीच आखणी त्याला— मीच—

वर दिवा वळतोय. आवाज होत नाही त्याला, तरी कळतं.

गेटपाशी रिक्षा थांबली. दुसऱ्या कुणाची असेल. हौसा, लवकर लिही. एकच ओळ लिही, की किमया पेणलाच—