नागनाथ कुणाला फितूर झाला?

जयपूर,
१ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
अनुयाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून बाबांनी मला पत्र लिहायला बसवलं आहे. चुका काढ, पण लाल पेनाने कापून पत्र परत पाठवू नकोस. मागच्या वेळी आईने ते पान फ्रिजवर लावलं आणि आला-गेला वाचून हसत होता.

खबर अशी की कॉलेजच्या भाषण स्पर्धेत मी पहिली आले. विषय होता इंग्रजांविरुद्धचे विसरलेले लढे. बाकी सगळ्यांनी १८५७ घेतलं, मी आपल्या सामानगडाचं १८४४ चं बंड घेतलं. पिढ्यानपिढ्या गड राखणारे गडकरी, इंग्रजांच्या नव्या कारभाऱ्यांनी त्यांचे हक्क काढायला घेतले, तेव्हा त्यांनी दरवाजे आतून लावून घेतले आणि कंपनीची फौज तोफा घेऊन आली तरी लढले, असं सगळं हिंदीत सांगितलं. शेवटी आपला पूर्वज नागनाथ सांगितला. मी लहान असताना आजोबा म्हणायचे ना, आपला नागनाथ फितूर होता म्हणून? मी तोच शब्द पकडला. मतलब, डोक्यात असं फितूर असल्याशिवाय तोफेपुढे कोण उभं राहील? सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या.

गणपतीत इथल्या मराठी मंडळाच्या प्रभाकरकाकांनी हे ऐकलं. ते जन्मापासून जयपूरचेच. त्यांनी अठ्ठावीस तारखेला मंडळात हेच भाषण मराठीत ठेवलं आहे. पोस्टरसुद्धा छापून झालं. त्यावर माझा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत, ‘मी फितुराची वंशज’. बाबा रोज बँकेच्या चौमूच्या शाखेतून उशिरा येतात, त्यांना मी अजून दाखवलं नाही. सरप्राइज आहे.

गुडघे कसे आहेत? माझ्यावर आहे तेवढी माया तशीच ठेव.

तुझी,
अनुया


वाडी, ता. गडहिंग्लज,
८ सप्टेंबर २०२५

चि. अनुयास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचता वाचता माझा चहा गार झाला. पहिली आलीस याचं कौतुक मागाहून करीन. आधी हे नीट वाच आणि तुझ्या बापाला, अभिजितलाही वाचायला दे.

बाळ, मराठीत फितूर म्हणजे डोक्यातलं वेड नव्हे. तो अर्थ तुमच्या हिंदीतला. आपल्याकडे फितूर म्हणजे आपल्या माणसांना सोडून शत्रूला मिळालेला, घरभेदी. नागनाथाने कंपनीच्या शिपायांना गडाची चोरवाट दाखवली असं वाडीत सांगत आले आहेत. तुझे आजोबा, म्हणजे आमचे दादा, तो शब्द कौतुकाने उच्चारत नव्हते. तू मांडीवर बसलेली, तुला काय कळणार.

आपल्या घराला अजून फितुराचं घर म्हणतात. माझं लग्न ठरलं होतं, मुलगा चांगला होता, मलाही आवडला होता. त्याच्या काकांच्या कानावर हे गेलं आणि सुपारी परत आली. मी पुन्हा कुणाला दाखवून घेतलं नाही. तुझ्या बापाने बँकेच्या लांबच्या बदल्या हौसेने घेतल्या, त्यामागेही हेच आहे. आणि तू तोच शब्द फोटोखाली छापून भिंतीवर लावलास.

तुमच्या मंडळात सांगली-कोल्हापूरकडून बदली होऊन आलेले लोक असतीलच. ते काय समजतील याचा विचार कर. भाषण रद्द कर. ताप आला म्हणून सांग, घसा बसला म्हणून सांग. पोस्टर काढून घे.

‘मतलब’ या शब्दाला मी यावेळी माफी दिली आहे. उत्तर ताबडतोब लिही, तोवर मला अन्न गोड लागायचं नाही.

तुझी आत्या,
रत्नप्रभा


जयपूर,
१४ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र आलं आणि मला वाटलं, जमिनीने मला पोटात घ्यावं. बाबांनी ते उभ्यानेच वाचलं, मग खुर्ची ओढून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आई तर जयपुरातच वाढलेली, तिलाही हा अर्थ माहीत नव्हता. ती पुन्हा पुन्हा म्हणत होती की तिने स्वतः कधी कसं विचारलं नाही.

पोस्टर काढायला मी मंडळाच्या झोटवाड्याच्या हॉलवर गेले होते. भिंतीवरचं निघालं, पण ते सगळ्यांच्या फोनवर पोचलं आहे. कोल्हापूरच्या एक आजी आहेत, त्यांनी प्रभाकरकाकांना विचारलंसुद्धा की ही मुलगी असं का लिहिते. काका म्हणाले, या आणि ऐका. आता त्या नक्की येणार.

पण आत्या, रागावू नकोस, एक विचारते. बाबा बोलता बोलता म्हणाले की बंड मोडल्यावर आपली ओढ्याकाठची जमीन सरकारजमा झाली आणि नागनाथाची मुलं दुसऱ्याच्या शेतावर राबली. हे कसं? ज्याने वाट दाखवली त्याला कंपनी जमीन देईल की त्याची काढून घेईल? कंपनीच्या हिशेबात तर दरवाजा लावणारे सगळेच फितूर होते, सरकारला फितूर, म्हणजे सरकारवर उलटलेले. मग नागनाथाला पहिल्यांदा फितूर कोण म्हणालं, आणि कुणाच्या बाजूने म्हणालं? वाडीत कुणाची जमीन राहिली?

तू सांगशील तर मी तापाचं निमित्त करीन. पण उत्तर मिळाल्यावर. जर मला वाटतं तसं असेल तर मला त्या हॉलमध्ये, ज्या घराची जमीन राहिली त्याचं नावच घ्यायचं आहे. तुझं लग्न ज्यांच्यामुळे मोडलं ते लोकांना कळू दे.

तब्येत सांभाळ. माझ्यावरचा राग फार दिवस टिकवू नकोस.

तुझी,
अनुया


वाडी,
१९ सप्टेंबर २०२५

चि. अनुयास,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी मी चिडले. कालची पोर आणि आम्हाला इतिहास विचारते. मग दोन दिवस कशातच लक्ष लागेना. भाजीत मीठ दोनदा पडलं.

जमीन राहिली ती एकाच घराची. त्यांचा पूर्वज कारभाऱ्यांच्या बाजूने होता, दरवाजे लागले तेव्हा तो गडाखाली होता. हे वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी त्याचा विचार करत नाही. माझी आजी म्हणायची की नागनाथ सरकारला फितूर झाला अशी बोंब पहिल्यांदा त्याच घरातून उठली. पुढे लोक ‘सरकारला’ एवढं विसरले आणि नुसतं फितूर राहिलं. आजीचं बोलणं आम्ही घरच्या माणसाची बाजू म्हणून सोडून दिलं. चोरवाटेची गोष्ट कुणी जोडली, कोण जाणे. तुझं म्हणणं खरं असेल, नसेलही. पण मला आता ते खरं वाटतं, आणि मला फार रडू आलं. एवढी वर्षं मी मान खाली घालून नळावर गेले.

आता ऐक. ते घर सुवर्णाचं आहे. माझ्या शेजारची सुवर्णा. माझं हाड मोडलं तेव्हा जिने मला न्हाऊ-माखू घातलं, तीच. तिला यातलं काही माहीत नाही. तिच्या नातीला, रत्नमालेला, पुढच्या आठवड्यात पाहायला येणार आहेत. तू जयपुरात नाव घेतलंस तरी ते फोनवरून इथे दुपारपर्यंत येईल. हा शब्द एखाद्या घरात शिरला की काय होतं ते मला विचार. त्या पोरीच्या वाट्याला तो द्यायचा नाही.

भाषण कर. शब्दाचा अर्थ सांग, जमिनीचंही सांग. नाव घेऊ नकोस, माझी तुला शपथ आहे.

मला पोस्टापर्यंत चालवत नाही, म्हणून हे पत्र टाकायला सुवर्णाच जाते आहे. स्पीड पोस्टने टाक म्हणून तिला तीनदा सांगितलं, तर म्हणाली, एवढं काय लिहिलंय त्यात. वेळेत पोचेल ना, याच काळजीत आहे.

तुझी आत्या,
रत्नप्रभा


जयपूर,
२९ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. तोवर मी नावासकट भाषण पाठ केलेलं होतं. ते पान काढलं आणि नवीन लिहायला बसले.

हॉल भरला होता. मी सुरुवातीलाच सांगितलं की मला मराठी अर्धवट येतं आणि एका शब्दाचा अर्थ मी उलटा धरला होता. थोडे लोक हसले, मग कुणी हसलं नाही. मी गडकऱ्यांचं सांगितलं, सरकारला फितूर आणि नुसतं फितूर यातला फरक सांगितला, आपली जमीन गेल्याचं सांगितलं. बाबा शेवटच्या रांगेत उभे होते. बसायला जागा होती, तरी उभे होते.

मग कोल्हापूरच्या आजींनी तोच प्रश्न विचारला, ज्याची मला भीती होती. जमीन कुणाची राहिली? सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडात ते आडनाव अगदी आलं होतं, आत्या. मी म्हणाले, मला माहीत नाही.

कार्यक्रम संपल्यावर आजींनी मला बाजूला घेतलं. त्या हळूच म्हणाल्या की दुसरं नाव सांगितलं नाहीस तर लोक नागनाथालाच फितूर म्हणत राहतील, कळतंय ना तुला? मी हो म्हणाले.

रत्नमालेचं जमलं का, ते लगेच कळव. आणि तुझी माया आहे तिथेच असू दे.

तुझी,
अनुया