माझ्या देशात हॅलिबर्ट निवडून आला

ऑस्लो क्रीक, आयोवा
१९ एप्रिल

प्रिय आर्डी,

दोन वर्षांनी भावाचं पत्र बघून दचकू नकोस. गुडघे कसे आहेत? डुलुथची थंडी मानवते का त्यांना? इथलं बर्फ वितळलं, शेतात नुसता चिखल आहे, मक्याची पेरणी एवढ्यात काही होत नाही. मी बरा आहे. म्हणजे हिंडता-फिरता आहे. तुला फोन केला होता, पण तुझा 'हॅलो' ऐकला आणि ठेवून दिला. माझ्या पोराबद्दल, ब्रेंटबद्दल सांगायचंय. पण मला जरा वळसा घालून यावं लागेल, सांभाळून घे.

तुला ठाऊक नसेल, मी हल्ली दोन देशांत राहतो, एक हा खरा आणि एक माझ्या मनातला. सकाळी कॉफी प्यायला गावात गेलो की म्हातारा लायल लांबूनच ओरडतो, "काय ऑर्लन, काय म्हणतायत तुझे राष्ट्राध्यक्ष?" मी म्हणतो, "मजेत आहेत. तुझी आठवण काढत होते." सगळे खिदळतात. हसू देत मेल्यांना. माझ्या त्या देशात पक्षाने राष्ट्राध्यक्षपदाचं तिकीट सिनेटर हॅलिबर्टलाच दिलं. नोव्हेंबरातल्या निवडणुकीत ओहायो आपलं झालं, विस्कॉन्सिनही झालं. तिथे ट्रॅक्टरवर बसलो की रेडिओवर त्याचा तो सावकाश, खर्जातला आवाज येतो. कुणावर डाफरत नाही, कुणाला धमकावत नाही. तिथून फौज कुठेच निघत नाही. ब्रेंट कोठारात शीळ घालत काहीतरी ठोकत असतो, आणि तू स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाका मारतेस, "अरे येतोस का, सूप थंड होतंय!" मक्यावर पिवळं ऊन पडतं आणि मावळतच नाही. मी तासन्‌तास तिथे असतो गं.

आणि मग शाळेतली ती व्यायामशाळा आठवते, पक्षाचं तिकीट कुणाला द्यायचं ते ठरवायची ती सभा. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आत प्रत्येक उमेदवाराचा एक कोपरा. ज्याला जो हवा, त्याच्या कोपऱ्यात त्याने उभं राहायचं. चिठ्ठी नाही, पेटी नाही. माणूस जिथे, मत तिथे. आणि ऐन मोजणीच्या वेळी माझी बहीण गुडघे दुखतात म्हणून समोरच्या कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसली, आणि वर मिसेस पेल्झरशी रुबार्बच्या पाईच्या गप्पा! मी ओरडलो, "अगं बये, ऊठ तिथून!" तू म्हणालीस, "थांब रे, मोजून होऊ दे त्यांचं, मग येते." त्यांनी तुला त्यांच्यात मोजलं. हॅलिबर्टचा आपला कोपरा ठरलेल्या आकड्याला एका माणसाने कमी पडला. कमी पडला की मोडला, नियमच आहे तो. आपली माणसं पांगली, दुसऱ्या कोपऱ्यांत गेली.

एका गावातल्या एका बाकाने देश बदलत नाही, हे मला पाद्रीबाबांनी समजावलं, लायलने समजावलं. पण हॅलिबर्ट आयोवात थोडक्यात मागे पडला आणि माघार घेऊन घरी गेला, हे तर खरंच ना? तिकीट दुसऱ्याला मिळालं, तो नोव्हेंबरात आपटला, आणि जो निवडून आला त्याने फौज पाठवली. ब्रेंटच्या तुकडीला हुकूम आला त्या दिवशी मी तुला म्हणालो, "हे सगळं तुझ्या त्या बाकामुळे." तू बॅग उचललीस आणि मैत्रिणीकडे डुलुथला गेलीस.

आता सांगतो. मंगळवारी गणवेशातले दोघेजण अंगणात आले. मी कोठाराशी होतो. ते गाडीतून उतरून टोप्या नीट करायला लागले, तेव्हाच मला कळलं. ब्रेंट गेला, आर्डी. आपलं पोर गेलं.

मी तडक माझ्या देशात पळालो. दुसरं कुठे जाणार? हॅलिबर्ट होता, ऊन होतं, कोठारात ब्रेंटही होता. पण तो बॅग भरत होता. म्हटलं, "अरे, इथे युद्ध नाहीये!" तर म्हणतो, "बाबा, मी युद्धासाठी थोडाच भरती झालोय? मला हा मका सोडून जग बघायचंय." खरोखरही तो हेच म्हणाला होता, त्या व्यायामशाळेच्या आधीच्या उन्हाळ्यात. तू ओटा पुसत होतीस. मी पुन्हा निवडणूक घेतली. हॅलिबर्टला आणखी राज्यं दिली, कॅन्सससुद्धा देऊन टाकलं! पोरगा आपला बॅगच भरतोय. शेवटी मी हॅलिबर्टलाच गाठलं. म्हटलं, "तू तरी थांबवलं असतंस ना?" तो जिंकला असता तर काय झालं असतं, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. तुझा दोष नव्हता, आर्डी. कधीच नव्हता.

येत्या नाही, पुढच्या शनिवारी सकाळी चर्चमध्ये त्याला निरोप द्यायचा आहे. लष्कराचा माणूस येऊन सगळं समजावून गेला. सभ्य पोरगा होता, कॉफीही संपवली त्याने. म्हणाला, "घडी घातलेले दोन झेंडे देतो आम्ही. एक वडिलांच्या हातात, एक आईच्या." मग त्याने आईचं नाव विचारलं. माझी लॉरेन गेली तेव्हा ब्रेंटला धड चालताही येत नव्हतं, तिचा चेहरासुद्धा आठवत नव्हता त्याला. चालायला शिकला तो तुझं बोट धरून.

मी तुझं नाव सांगितलंय.

ये गं.

तुझा थोरला,
ऑर्लन